जिभेवरचा गूळ

मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारणारा तो माणूस मला रोज दिसायचा. आवाज दणदणीत. ढेपेचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि मगच बोली सुरू करायचा.

गेल्या वर्षी त्याचा आवाज मध्येच चिकटू लागला. सारखा पाण्याचा घोट लागायचा. हिरड्यांतून रक्त यायचं, पुढचे दात किडून काळे पडले. व्यापारी म्हणाले, तंबाखूचा मावा खात असणार. त्यानं तो कधी चाखलाही नव्हता. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, तेव्हा सी प्रकारची कावीळ निघाली. वर्षानुवर्षं यकृतात मुरलेली. तिनंच तोंडातली लाळ आटवली होती. औषधानं कावीळ गेली. लाळ परत आली नाही.

परवा त्यानं सवयीनं तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. मग पाठ फिरवून तुकडा तळहातावर काढला. तो होता तसाच होता, कोरडा.

"कसा हाय गूळ?" मी विचारलं.

"तुमीच खाऊन सांगा की, पावणं," तो हळूच म्हणाला.

मी ढेपेचा दुसरा तुकडा मोडून चाखला. "गोड हाय. जरा खारट मारतोय."

त्यानं मान हलवली, पाणी प्याला आणि माझे शब्द स्वतःचे असल्यासारखे मोठ्यानं पुकारले.