तिसऱ्यांदा विचारणे

रश्तहून रामसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिथे एका अंगाला भातखाचरे संपतात आणि दुसऱ्या अंगाला कास्पियनची वाळू सुरू होते, तिथे उन्हाळाभर बायका चाव्यांचे जुडगे हलवीत उभ्या असतात. गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, तिच्यावर ‘खोली, समुद्राजवळ’ एवढेच. तेहरानच्या गाड्या वेग कमी करतात, काच खाली येते आणि बाई खिडकीशी वाकते.

गुलनिसा या कामात मुरलेली होती. गाडी थांबायच्या आत तिला आतली माणसे कळत. मागच्या सीटवर सासू असली, तर आधी स्वयंपाकघर दाखवायचे. नवरा-बायको एकमेकांकडे न बघता आपापल्या खिडकीतून बाहेर बघत असले, तर दोन अंथरुणे लांब लांब घालायची. तरुण जोडपे फारच अदबीने बोलू लागले, की लग्न झालेले नसणार हे ओळखून, दाखला मागण्याची वेळ न आणता जागा नाही म्हणून सांगायचे. शेजारी उभी राहणारी तूबा म्हणे, “हिला माणसाचा चेहरा दाखवा, दुपारी काय जेवला ते सांगेल.”

या उन्हाळ्यात मात्र गुलनिसा प्रत्येक गाडीत एकच माणूस शोधत होती. तिला डॉक्टर हवा होता.

तिचा नवरा हैबत जन्मभर मासेमारांच्या टोळीत जाळे ओढत आला होता. थंडीत त्याचा दम उखडला तो परत बसलाच नाही. पाय सुजले, आडवे झाले की छाती भरून येई, म्हणून तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. गावच्या दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरने रश्तच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितले. हैबत म्हणाला, मोसम होऊन जाऊ दे. त्याचेही खरेच होते. उन्हाळ्यात घराला कुलूप लागले, तर हिवाळ्यात चूल कशावर पेटणार? गुलनिसाला कोणा जाणत्याकडून एवढेच ऐकायचे होते, की हा माणूस पानगळीपर्यंत थांबू शकतो की नाही.

आणि अडचण अशी, की आजारी माणसाच्या घरात पाहुणा उतरत नाही. मोसम सुरू झाला तसा तिने हैबतला समुद्राकडच्या खोलीतून काढून मागच्या तांदळाच्या कोठीत बसवले होते. पाहुणे असताना तो तोंडावर उशी दाबून खोके. त्याबद्दल त्याने तिला एका शब्दाने दोष दिला नाही. ज्या डॉक्टरला दाखवण्यासाठी ती दिवसभर रस्त्यावर डोळे लावून उभी राही, त्याच्यापासूनच हैबतला लपवणे तिला भाग होते.

श्रावणासारख्या ओलसर उकाड्याच्या एका दुपारी एक राखाडी गाडी थांबली. उतरलेल्या उंच गृहस्थाने अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवला. असे हात गुलनिसाने दवाखान्यातल्या डॉक्टरलाच धुताना पाहिले होते. संध्याकाळी त्याच्या बायकोनेच, मेहरवशने, सांगून टाकले. ती माहेरची इथलीच, लाहिजानची. डॉक्टर अर्दलान हृदयाचे, आणि लहानपणापासून जर्मनीतच वाढलेले.

गुलनिसाने त्यांच्यासाठी वांगी निखाऱ्यावर भाजून, लसूण घालून मिर्झा कासेमी केले, मऊ भात केला, धुरी दिलेला मासा तळला. पण बोलायला तोंड उघडेना. पाहुण्याला कामाला लावायचे, आणि तेही घर रिकामे आहे असे खोटे सांगून त्याला उतरवून घेतल्यावर, कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी देवानेच दार उघडले. मागून उशी फोडून खोकला बाहेर आला, लांबलचक, ओला. डॉक्टरांचा पेला ओठाशीच थांबला.

“कुणी आजारी आहे का, खानम? मी बघू का?”

“छे छे, तुम्ही विश्रांतीला आलात. तुम्हाला कशाला तसदी?”

“तसदी कसली. दोन मिनिटांचं काम.”

“देव तुमचे हात राखो. नको, खरंच नको.”

तिथली रीतच अशी. पहिल्या विचारण्याला नाही म्हणायचे, दुसऱ्यालाही नाही, आणि तिसऱ्याला मान खाली घालून उठायचे. भाजीवाल्यापासून व्याह्यापर्यंत सगळे याच चालीने चालतात. गुलनिसाचा हात गुडघ्यावर गेला होता. उठायला तेवढाच टेकू लागतो.

“बरं, जशी तुमची इच्छा,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी साखरेचा खडा तोंडात टाकला आणि समुद्राकडे वळून लाटांविषयी काही विचारले. मेहरवश तेव्हा खाली वाळूत शिंपले वेचत होती.

गुलनिसाने लाटांविषयी काय उत्तर दिले ते तिला कधीच आठवले नाही. कोठीत जाऊन तिने घडले ते सांगितले. हैबत म्हणाला, “बरं केलंस. पाहुण्याला कुणी कामाला जुंपतं का?” मग त्याने उशी जवळ ओढली. त्याच्या ओठांचा रंग जांभळ्या वांग्यासारखा झालेला तिने पाहिला, आणि भात वाढायचा वाडगा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

सकाळी वारा सुटला, समुद्र गढूळ झाला, तेव्हा पाहुण्यांनी सामान गाडीत भरले. जाणाऱ्याच्या मागे पाणी ओतायचे, म्हणजे तो सुखरूप परततो. गुलनिसा वाडग्यात पाणी आणि वर एक हिरवे पान घेऊन फाटकाशी आली. गाडी सुरू झाली. ती मागे जायची सोडून पुढे गेली आणि गाडीच्या तोंडाशी उभी राहिली. वाडग्यातले पाणी तिच्या झग्यावर हिंदकळत होते.

डॉक्टरांनी काच खाली केली. काही राहिले का, असे त्यांनी विचारले.

“एकदा आणखी विचारा,” ती म्हणाली. “काल दोनदाच विचारलंत.”

डॉक्टरांना काही उमगेना. मेहरवशने तिच्याकडे पाहिले, मग मागच्या कोठीकडे, आणि नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. “अर्दलान, तू दोनदा विचारून गप्प बसलास? विचार. आत्ता विचार.”

त्यांनी विचारले. गुलनिसाने मान खाली घातली आणि वाट दाखवली.

तांदळाच्या पोत्यांमध्ये हैबत बसला होता. पाहुणा आत आलेला पाहून तो उठायची धडपड करू लागला. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला कान लावला. सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला. तो काढल्यावर खळगा तसाच राहिला, भरून येईना. कधीपासून, असे त्यांनी विचारले. थंडीपासून, गुलनिसा म्हणाली, आणि मग जे महिनोन्महिने घोटून ठेवले होते ते विचारले: मोसम संपेपर्यंत चालेल का?

“आज न्यायचं,” डॉक्टर म्हणाले. “आमच्याच गाडीतून. चला.”

“नको, तुम्हाला कशाला—” सवयीने तिच्या तोंडून निघाले. तिने ओठ दातांखाली धरले.

हैबतला दोघांनी उचलून मागच्या सीटवर बसवले. घराची चावी तिने फाटकाशी आलेल्या तूबाच्या हातात दिली. तूबाने वाडगा उचलला आणि गाडीच्या मागे पाणी ओतले.

मोठ्या रस्त्याला लागताच दोन्ही बाजूंच्या बायका चाव्या हलवू लागल्या. राखाडी गाडीत गुलनिसा असेल असे त्यांच्या मनात कसे यावे? एक तर खिडकीपर्यंत वाकली आणि ओळख पटताच हात खाली घेऊन मागे सरली.

हैबतने उशी बरोबर आणली होती. खोकला आला तशी त्याने ती तोंडाकडे नेली. गुलनिसाने ती काढून घेतली.

“आता नको. मोकळं खोका.”

तो खोकला. पुढच्या आरशात डॉक्टरांचे डोळे वर आले, हैबतवर थांबले आणि मग तिच्याकडे वळले. गाडीतल्या माणसाचा चेहरा वाचायला तिला कधी क्षणाहून अधिक वेळ लागला नव्हता; आताही लागला नाही. तिने उशी पोटाशी धरली आणि तोंड समुद्राकडे फिरवले.