बावखलावर ठेवलेली फुलं

पंचायतीत दोन बायका घ्याव्याच लागत, म्हणून मला घेतलं होतं. हे कुणी माझ्यापासून लपवूनही ठेवलं नव्हतं. सरपंच आमच्याच आळीतले, यांचे लांबचे भाऊ. घरी येऊन सरळ म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त यायचं, बसायचं आणि सही करायची." पहिलं वर्षभर मी तेच केलं. ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लागायची, दहा-बारा पुरुष यायचे, त्यातले तीन-चार पेंगायचे, आणि वहीत लिहिलं जायचं की गावाने एकमताने ठरवलं. त्या 'एकमताने' शब्दाचा मला भारी राग यायचा.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा एस.टी. आमच्या गावात यायला तयार झाली. तोवर वसईला जायचं म्हणजे आधी मोठ्या रस्त्यापर्यंत तंगडतोड. अडलेली बाळंतीण बैलगाडीत घालून नेताना मी डोळ्यांनी पाहिली होती. अट एकच होती, गाडी वळायला जागा द्या. तशा जागा तीन. देवळापुढचं पटांगण, चर्चच्या बाजूची मोकळी जमीन, नाहीतर गावाच्या टोकाचं बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं आमच्याकडचं तळं. ते भराव टाकून बुजवायचं आणि त्याच्यावर गाडी वळवायची.

या वेळी खरोखर सगळ्यांना विचारायचं, असा मी हट्टच धरला. वाचता न येणाऱ्या बायकांनाही कळलं पाहिजे म्हणून पंचायतीचं अंगण सारवून घेतलं आणि चुन्याच्या फक्कीने त्याच्यावर अख्खं गाव काढलं. आळ्या, रस्ते, विहिरी, देऊळ, चर्च. रांगोळीचा हात मला होताच. प्रत्येक घराने दोन फुलं ठेवायची. एक आपल्या घरावर, आपण आलो त्याची खूण म्हणून. दुसरं, गाडी जिथे वळावी असं वाटतं त्या जागेवर. रविवारी मिस्सा सुटताना फादरनी सांगितलं, देवळात आरतीनंतर सांगितलं. कुणी राहिलं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

फुलं माझ्या वाडीतली. आमच्याकडे मोगरा खुडायला एक वारली बाई यायची. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून ती त्या वाडीत होती. कुठलं झाड कधी दमतं हे तिनेच मला शिकवलं. राहायची बावखलाच्या पलीकडे, पाड्यावर. सभेच्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, "आज टोपली भरून खूड."

"येवढी कशाला, बाय?"

"पंचायतीत लागतात."

ती खुडायला लागली. मीही आणखी काही सांगितलं नाही.

सभेला गाव लोटलं. सासवा आल्या, सुना आल्या, लुगडी आणि पोलकी सावरत बायका आपापलं घर शोधून फूल ठेवत होत्या. "अगं, माझी विहीर विसरलीस की!" म्हणून एकीने मला झापलंसुद्धा. मी लगेच विहीर काढली. देवळापुढे कुणी फूल ठेवीना, चर्चच्या जागेवर कुणी ठेवीना. बावखलावर मात्र ढीग झाला. तिथे कुणाचंच काही जात नव्हतं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दिवस मावळायच्या सुमारास ती वाडीतलं काम आटोपून पंचायतीवरून घरी निघाली होती. मी चटया उचलत होते. ती अंगणाच्या कडेला थांबली.

"बाय, हा काय काढलास?"

"आपलं गाव."

ती वाकून एकेक घर बघत गेली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आमचा पाडा कुठं हाय?"

माझी चुन्याची रेघ बावखलाच्या अलीकडच्या काठावर संपली होती. त्यापुढे नुसती सारवलेली जमीन.

"आन् इथं येवढी फुलां कशाची?"

मी सांगितलं.

"मंग आमी पानी कुठला पियाचा?"

बावखलाच्या काठाशी खड्डे खणून, त्यात झिरपलेलं पाणी पाड्यावरच्या बायका भरत. हे मला ठाऊक होतं. वाटेने जाता-येता शंभरदा पाहिलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. जाताना तिने खाली पडलेलं एक फूल उचललं आणि माझ्या रेघेच्या बाहेर, उघड्या जमिनीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, सगळं गाव आलं होतं. आणि नकाशा तुम्हीच काढला ना?" मी तशीच उठून घरी आले. तेव्हाच अडून बसले असते तर ठराव फिरला असता, असं मला आजही वाटतं. मी सरपंचांना घाबरले नव्हते. मला माझं कौतुक मोडायचं नव्हतं. पुढच्या सभेत मांडू, अशी मी स्वतःची समजूत काढली. पुढची सभा व्हायच्या आत बावखल बुजलं होतं. नारळ फुटला, गाडी आली, आणि पहिल्या फेरीला मी खिडकीशी बसून वसईला गेले.

पुढची सभा मी पाड्यावर घ्यायला लावली, मजुरीची माणसं घरी परतण्याच्या वेळेला. नकाशा त्यांच्या झोपड्यांपासून सुरू केला. पहिली रेघ तिलाच ओढायला दिली. त्या दिवशी पाड्याला हातपंप द्यायचं ठरलं आणि वहीतलं 'एकमताने' मला प्रथमच खरं वाटलं. मी पंचायतीत होते तोवर नकाशा कायम पाड्यापासूनच सुरू झाला. पण हातपंपाचं पाणी दुसऱ्याच उन्हाळ्यात मचूळ झालं, तोंडात धरवेना.

मग ती पाण्याला माझ्या विहिरीवर येऊ लागली. विहिरीपाशी हंडा टेकवून घराकडे बघत हाक द्यायची, "बाय, पानी भरू का?" विचारू नकोस गं, विहीर तुझीच समज, असं मी तिला कितीदा म्हटलं. तिने ते कधी मानलं नाही. मी आतून "भर" म्हणेपर्यंत ती तशीच उभी राहायची. बावखल बुजवायचं ठरवताना मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. ती मला रोज विचारायची.