पाहुण्यांसमोर पाच वेळा

मला बघायला पाहुणे आले त्या रविवारी आमच्या घरातली वीज पाच वेळा गेली, आणि पाचही वेळा ती मीच घालवली होती.

तेव्हा मी वायरमन होण्याचं शिक्षण घेत होते. आयटीआयचा कोर्स झाला होता आणि कट्टा गावच्या बाबलकाकांकडे माझी उमेदवारी चालू होती. बाबलकाका म्हणजे आमच्या भागातले जुने इलेक्ट्रिशियन. ते फार बोलत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला दोनच नियम सांगितले. एक, बोर्ड उघडला की आधी एक हात खिशात घालायचा आणि नुसतं बघायचं. दोन, काम झाल्यावर घरातलं प्रत्येक बटण स्वतः दाबल्याशिवाय शिडी आवरायची नाही. पहिल्या नियमाची अडचण अशी की माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा नव्हता. तो मी आयेकडून शिवून घेतला. दुसऱ्या नियमाला काहीच अडचण नव्हती, म्हणून तो मी मोडला.

गावात माझ्या शिक्षणाची बरीच चर्चा होती. "चेडू खांबार चढता," म्हणजे पोरगी खांबावर चढते, असं लोक सांगत. (मी कधीच खांबावर चढले नाही. खांब वीज कंपनीचे असतात. मी फार तर स्टुलावर चढायची.) बाबांना त्याचं काही नव्हतं. काजूच्या बागेतला पंप मी दुरुस्त केल्यापासून ते मला मानाने वागवत. आयेला मात्र माझ्या हातांची काळजी. छिन्नी-हातोड्याने भिंती खणून माझे तळवे खरखरीत झाले होते आणि बोटांना इन्सुलेशन टेपचा चिकट काळा थर कायमचा बसला होता.

अशात मिठबावच्या आत्याने स्थळ आणलं. मुलगा महेश, घरची आंब्याची बाग, वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. नवीन घर बांधायला काढलेलं.

"चेडू काय करता म्हणान इचारल्यानी," आत्या म्हणाली. "मी सांगलंय, कट्ट्याक लाइटीच्या ऑफिसात आसा."

"आत्या, बाबलकाकांचं ऑफिस सायकलच्या दुकानामागे आहे. तिथे खुर्ची पण नाही."

"मगे ऑफिस ता ऑफिस. तुका कोणी इचारल्यान तर खाली मान घालून हसायचा. बाकी मी बघतंय."

पाहुणे येणार म्हणून घराची तयारी सुरू झाली. आयेने पडदे धुतले, बाबांनी अंगण सारवून घेतलं. आपणही घरासाठी काहीतरी करावं, असं मला वाटलं, आणि तिथे घात झाला. आमच्या घरात आरसीसीबी नव्हती. म्हणजे ती छोटी पेटी, जी घरात आलेली वीज आणि परत जाणारी वीज एकसारखी मोजत बसते आणि दोन्हींत थोडा जरी फरक पडला तरी अख्ख्या घराची वीज तोडून टाकते. माणसाला शॉक लागू नये म्हणून ही सोय. बाबलकाका म्हणाले होते, "एकटी बसवू नको. सोमवारी मी येतंय." पण शुक्रवारी ते मालवणला गेले, काकांच्या दुकानात पेटी समोरच होती, आणि मी दीड वर्षाची अनुभवी होते.

पेटी मी एकटीने बसवली. छान बसली. मग नियमाप्रमाणे एकेक बटण दाबत हॉलपर्यंत आले. हॉलमध्ये पंख्याखाली बसून आये कुळीथ पाखडत होती.

"पंखो लावलंस तर बघ," ती म्हणाली. "सगळो कोंडो डोळ्यात जायत."

एक पंखा राहिला म्हणून काय बिघडतं? मी शिडी आवरली.

रविवारी दुपारी चारला पाहुणे आले. त्याआधी आत्याने माझी शिडी आणि हत्यारांची पिशवी गोठ्यात म्हशीमागे लपवली होती आणि माझे हात अर्धा तास लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते. (काही फरक पडला नाही. फक्त काळ्या बोटांना लिंबाचा वास आला.) मार्च महिना, वाऱ्याचं नाव नाही. महेशची आई पदराने वारा घेत बसली आणि म्हणाली, "उकाडो काय तो."

बाबांनी लगबगीने पंख्याचं बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि तो थांबला. स्वयंपाकघरातला फ्रीजही गप्प झाला.

"लाइट गेली," आत्या म्हणाली. "आमच्याकडे जाताच."

पाहुण्यांनी समजून माना डोलावल्या. लाइट जाणं हे आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. पण समोरच्या घरातून टीव्हीचा आवाज येतच होता, आणि महेश खिडकीकडे बघत होता.

मी चहाचं निमित्त करून आत गेले. मागच्या पडवीत पेटीचा खटका खाली पडला होता. मी तो वर ढकलला. तो लगेच खाली पडला. ही दुसरी वेळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पंख्याचं बटण अजून चालूच आहे, आणि बिघाड पंख्याच्या वायरीतच आहे. स्थळाचं काय व्हायचं ते होवो, सोमवारी बाबलकाका येणार होते.

मी दारातून बाबांना खूण केली. बोट गोल फिरवलं आणि हात आडवा हलवला. म्हणजे, पंखा बंद करा. बाबांनी मान डोलावली, उठले आणि रेग्युलेटर पाचावर नेऊन बसले. मी निश्चिंत होऊन खटका वर केला. तिसरी वेळ.

शेवटी मी ट्रे घेऊन बाहेर आले, चहा देता देता स्वतःच कोपराने पंख्याचं बटण बंद केलं आणि परत जाऊन खटका वर केला. या वेळी तो राहिला. फ्रीज घुरघुरला. आत्याने सुटकेचा श्वास सोडला. सगळे घामाघूम बसले होते, पण वीज होती. तेवढ्यात महेशची आई उठली आणि आयेला म्हणाली, "वायच हात-पाय धुतंय."

आमच्या न्हाणीघराला खिडकी नाही. ती आत गेली, दिवा लावला, कडी घातली. इकडे गुरुजींच्या लक्षात आलं की वीज आलेली आहे आणि पंखा मात्र बंद आहे. निवृत्त शिक्षक माणूस, कुणाला तसदी कशाला द्यायची? ते स्वतः उठले आणि त्यांनी बटण दाबलं. चौथी वेळ.

न्हाणीघरातून आवाज आला, "गो बाय, हय काय एक दिसना नाय. कडी खंय आसा?" पाठोपाठ तांब्या पडल्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ गडगडत राहिला.

आये दाराबाहेर उभी राहून कडी कुठे आहे ते समजावत होती. "उजव्या हाताक. नाय, तुमच्या उजव्या." आता आत्याचा धीर सुटला. तिने बाबलकाकांना फोन लावला. आत्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती फोन नेहमी स्पीकरवर ठेवते.

"रे बाबल, लाइट गेली हा. घरात पावणे इलेत. बिगीन ये."

"मगे माका कित्याक फोन करतंस?" बाबलकाकांचा आवाज हॉलभर घुमला. "माझी शिकाऊ वायरमन तुमच्याच घरात आसा. ती खंय गेली?"

आत्या स्पीकर बंद करायचं बटण शोधत होती. ते तिला आजवर सापडलेलं नाही.

"पंखो लावल्यार जाता काय लाइट?" काका विचारत होते.

"होय," गुरुजींनी उत्तर दिलं.

"मगे पंख्याचो न्यूट्रल पेटीच्या भायर जोडलेलो आसतलो. दुकानातली पेटी शुक्रवारी नेल्यान ती माका कळली नाय, असा वाटता तिका. सांगा तिका, मेन बंद कर आणि जोडलंस तसा सोड." फोन बंद झाला.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे आपली मयुरी ऑफिसात नसते?"

आत्याने सांगितलं होतं की अशा वेळी खाली मान घालून हसायचं. माझी मान खाली गेली, पण हसू काही येईना. रडूच येत होतं. मग वाटलं, आता लपवायला उरलंय काय? मी पंख्याचं बटण बंद करून खटका वर केला, तशी न्हाणीघराची कडी निघाली. मग सरळ गोठ्यात गेले, शिडी आणि पिशवी घेऊन आले, आणि मेन स्विच बंद केला. पाचवी वेळ. ही तेवढी मी मुद्दाम घालवली.

पडवीत उजेड कमी होता. महेश मोबाइलचा टॉर्च धरून मागे उभा राहिला. मी आयेच्या नव्या साडीचा पदर खोचला आणि बोर्ड उघडला. साडीलाही खिसा नसतो, म्हणून एक हात कमरेवर ठेवला आणि आधी नुसतं बघितलं. पंख्याची काळी वायर, म्हणजे वीज परत नेणारी न्यूट्रल, मी खरंच पेटीच्या आधीच्या जुन्या पट्टीला बांधून ठेवली होती. त्यामुळे पंख्याची वीज पेटीतून यायची आणि पेटीला चुकवून परत जायची. बिचारी पेटी मोजमाप चुकलं म्हणून घर बंद करत होती. ती आपलं काम चोख करत होती. नापास मी होते.

"लग्नानंतर हे काम चालू ठेवणार?" महेशने मागून विचारलं. विचारणं साधं होतं, त्यात टोमणा नव्हता. माझ्या तोंडात दोन स्क्रू होते. त्यामुळे "हं" एवढंच म्हणता आलं, आणि ते फार ठाम वाटलं असावं.

वायर पेटीनंतरच्या पट्टीला जोडली, मेन चालू केला आणि पंखा फिरू लागला. महेशची आई ओल्या साडीने त्याखाली येऊन बसली आणि तिने दुसऱ्यांदा चहा घेतला. गुरुजींनी पेटीबद्दल मला वीस मिनिटं प्रश्न विचारले. तेवढे प्रश्न मला कुठल्या परीक्षेत कुणी विचारलेले नाहीत.

आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण आमका घर सांभाळणारी होयी. आयेने नवी साडी परत ट्रंकेत ठेवली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? टॉर्च त्याने न हलवता धरला होता, आणि तेवढंही सगळ्यांना जमत नाही. बाबलकाकांनी मला काहीच बोल लावला नाही. फक्त महिनाभर परत भिंती खणायला लावलं, जणू मी त्याच दिवशी शिकायला आले होते.

त्यानंतर गुरुजींचा फोन आला, थेट बाबलकाकांना. नवीन घराचं वायरिंग करायचं आहे, आणि येताना त्या मुलीला घेऊन या. आम्ही गेलो. महेशची आई दिवसभर आमच्या मागे मागे फिरली. न्हाणीघरातला दिवा तिने स्वतः सात वेळा चालू-बंद करून बघितला, दार उघडं ठेवून.

त्याच घराच्या अंगणात पुढच्या वर्षी महेशचं लग्न लागलं, देवगडच्या एका मुलीशी. माझी परीक्षा झाली होती, पास झाल्याचा कागद नुकताच हातात आला होता. आम्हाला आग्रहाचं आमंत्रण होतं. मी रेशमी साडी नेसले, केसांत अबोली माळली आणि ठरवलं, आज आपण पाहुण्या. मुहूर्ताला पाव तास उरला आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या माळा विझल्या. मंडपवाल्याचा फोन लागेना. गुरुजींनी माइक हातात घेतला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं शुद्ध मराठीत म्हणाले, "कट्ट्याच्या मयुरी वायरमन जिथे असतील तिथून त्यांनी कृपया स्टेजकडे यावे."

आये जागेवरूनच म्हणाली, "जा गो, मुहूर्त चुकात."

त्या लग्नाचा अल्बम गुरुजींनी मला नंतर मोठ्या कौतुकाने दाखवला. अंतरपाट बाजूला होतोय, अक्षता पडतायत, नवरा-नवरी एकमेकांकडे बघून हसतायत, आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभी राहून मी माळेचा जोड घट्ट करतेय. लग्नाच्या फोटोत येण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीही पाठमोरी.