‘पेंडिंग’ शिकवणारा मिलिंद

शनिवारी अकराच्या सुमाराला लायब्ररीतून फोन आला. "टीचर फॉल डाउन. यू कम, यू कम," मिलिंदच्या इंग्रजीच्या वर्गातल्या लानकाकू रडत होत्या. मी पोचेपर्यंत माझा नवरा गेला होता… त्याला आता सात आठवडे झाले.

इथे परदेशात, अर्विंगमध्ये अकरा वर्षं आम्ही मिलिंदच्या नोकरीच्या व्हिसावर राहिलो. माझं आणि आमच्या मुक्ताचं इथलं राहणं त्याच्याच नावाला जोडलेलं, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज रखडलेला. तो गेला तेव्हा पायाखालची जमीनच गेली. वकील म्हणतात, "अर्ज केलाय, आता वाट बघा." दाराशी गाडी थांबली तरी वाटतं, आम्हाला परत पाठवायलाच कोणी आलं. चार वर्षांची असताना आलेल्या मुक्ताला घेऊन मी कुठे जाऊ?

मिलिंद कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा, पण जीव रमायचा तो शनिवारी, व्हिएतनामहून आलेल्या पंधरा-वीस माणसांना इंग्रजी शिकवण्यात. शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय स्वारी पुढे सरकत नसे. मी चिडवायची, "अरे, त्यांना फॉर्म भरायचेत, लॅटिन कशाला?" ‘पेंडिंग’ शिकवताना त्याने छताच्या हुकाला दोरीने जाडजूड डिक्शनरी टांगली, खाली खुर्ची ठेवली. म्हणाला, मूळ अर्थ लटकणं. अजून पडलेलं नाही, पण पडणारच नाही असंही नाही. लानकाकू म्हणाल्या, आमच्याकडे याला नुसतं वाट बघणं म्हणतात. खुर्चीवर कोणी बसेना, तेव्हा तो स्वतःच बसला. घरी येऊन हे सांगताना तो हसत होता. मीही हसले.

मागच्या आठवड्यात लानकाकू सूपचा डबा आणि त्यांची वही घेऊन आल्या. ‘पेंडिंग’ शिकवलं त्या दिवशीच्या पानावर मिलिंदच्या अक्षरात उदाहरण होतं: ‘माय केस इज पेंडिंग. आय ॲम अफ्रेड एव्हरी डे. माय वाइफ इज ब्रेव्ह, सो आय डोंट टेल हर.’

मी ब्रेव्ह! त्याला काळजी नको म्हणून मी अकरा वर्षं हसत वावरले, आणि मला नको म्हणून तो. एका घरात दोन घाबरलेली माणसं… मला त्याचा फार राग आला, आणि मग रडू आवरेना.

संध्याकाळी मुक्ताने विचारलं, "आई, आर वी गोइंग टू बी ओके?"

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "माहीत नाही गं. मला खूप भीती वाटते."

ती येऊन मला बिलगून बसली. "मी टू," म्हणाली, "एव्हरी डे."