रणगाड्याची उजवी बाजू

सन १९७३. मी तेवीस वर्षांचा. दिवाळीच्या सुट्टीत नगरच्या एका संस्थेच्या हॉलमध्ये मेळावा भरला होता. त्या भरल्या हॉलमध्ये चिटणीससाहेबांनी मला हाक मारली.

"ए, इकडे ये. झाडू ठेव तो. पाहुण्यांना सांग, ही उजवी बाजू काय आंधळ्यानं केली का?"

लोक हसले. चष्मेवाले, कोटवाले, त्यांच्या बायका. चहाचे कप हातात धरून हसले.  मी झाडू भिंतीला टेकवला. समोरच्या टेबलावर माझा रणगाडा होता. त्याच्यापुढच्या पुठ्ठ्याच्या पाटीवर नाव दुसऱ्याचं होतं.

हे कसं झालं ते सांगतो. मी दुसरी शिकलेला माणूस. लिहिताना हात अडतो. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेणार नाही.

आमचं घर मांगवाड्यातलं. मी त्या हॉलवर झाडूवाला होतो. झाडायचं, पाणी मारायचं, टेबलं लावायची. दिवाळीत तिथं छंद मंडळाचा दोन दिवस मेळावा असायचा. वकील, डॉक्टर, प्रोफेसर. पुण्या-नाशकाहूनसुद्धा माणसं यायची. त्यांच्याकडे परदेशातून खोकी यायची. खोक्यात विमानाचे, जहाजाचे सुटे भाग. ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मेळाव्यात मांडायचे. मोठमोठी माणसं, पण इवल्याशा पंख्याला रंग देताना जीभ बाहेर काढायची. खोटं कशाला बोलू, मला ते लई आवडायचं.

त्यांचा एक नेम होता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. ज्यानं केली त्यानंच उचलायची, त्यानंच फिरवून दाखवायची. मीही कधी लावला नाही. लावला असता तर ती धुऊन घेतली असती, ते निराळं.

आमच्या वस्तीच्या अंगानं लष्कराचे रणगाडे जायचे, फायरिंगच्या माळाकडं. जमीन हादरायची. उतरंडीतली मडकी वाजायची. बांगलादेशची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहायचो. मनात आलं, आपण हा करायचा.

हाटेलातून डालड्याचे रिकामे डबे मागून आणले. तोफेला छत्रीची दांडी. चाकांना सोड्याच्या बाटल्यांची बुचं, त्यावरून सायकलची चेन. शेजारी कंदील करणारे महेबूबचाचा होते, त्यांनी कथलाचा डाक देऊन पत्रा जोडायला शिकवलं. मी घाई केली की म्हणायचे, "लढाई संपली रे बाबा, आता तरी दम खा." बायको म्हणायची, "डालडा खायाला न्हाई आन् डबं कापत बसलाय." पण कातरलेल्या पत्र्याच्या कडा तीच दगडावर घासून द्यायची.

माळाकडं जाताना गाड्याची डावी बाजू आमच्याकडं असायची. परत यायचे ते दुसऱ्या वाटेनं. रस्त्याच्या पलीकडं काटेरी तार, तिकडं जायला बंदी. उजवी बाजू मी जन्मात पाहिली नव्हती. डावीकडं मागं धुराडं असतं. मी म्हटलं, बैलाला दोन्हीकडं शिंग असतं, तसं उजवीकडंही असणार. दोन्हीकडं केलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी गाडा फडक्यात गुंडाळून नेला. चिटणीससाहेब म्हणजे मंडळाचे चिटणीस; वकील होते, संस्थेच्या कमिटीवरही होते. त्यांनी वाकून बघितला.

"छान केलंयस रे."

"साहेब, टेबलावर ठिवू का? कोपऱ्यात बी चालंल. नावाची पाटी तेवढी द्या."

"ठेव. बघतो."

त्या 'बघतो'ला मी होकार समजलो आणि गाडा कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. सकाळी अंगण झाडून आत आलो तर कोपऱ्यात गाडा नाही. साहेबांच्या भाच्यानं मधल्या टेबलावर रणांगण मांडलं होतं. वाळू, कापसाचा धूर, शिशाचे शिपाई. मध्ये माझा गाडा. पाटीवर भाच्याचं नाव.

मी साहेबांना गाठलं. ते चष्मा पुसत होते.

"अरे, लोक बघतायत ना तुझं काम? झालं तर मग. तुमच्या लोकांच्या नावाच्या पाट्या लागल्या तर पुण्याची माणसं पुढच्या वर्षी येतील का? तूच सांग."

रागानं नाही बोलले. समजावून सांगावं तसं बोलले.  बायको पोटुशी होती. नोकरी होती ती एवढीच. झाडू घेऊन मागं गेलो.

मग पाहुणे आले. लष्करातून निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी. टेबलं बघत बघत मधल्या टेबलाशी थांबले.

"वा! हा डालड्याचा डबा का? कमाल आहे!"

भाच्यानं मान लववली. "हो सर. चेन चढवायला फार त्रास झाला."

चेन चढवताना माझं नख निघालं होतं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो.

पाहुणे म्हणाले, "जरा फिरवा बघू." भाच्यानं गाडा फिरवला. पाहुणे मोठ्यानं हसले. "अहो, दोन धुराडी? याला एकच असतं, डावीकडं!"

भाचा लाल झाला. साहेब लगेच पुढं आले. "ते आमच्या झाडूवाल्यानं केलंय. तेवढं काम त्याच्याकडून करून घेतलं. ती माणसं असंच करणार." आणि मला हाक मारली. ती वर लिहिलीच आहे.

शाबासकी भाच्याची. चूक माझी.

पाटीवर दुसऱ्याचं नाव होतं तोवर मी सोसलं. ह्या वाटणीनं मात्र डोक्यात काहीतरी तुटलं. मी टेबलापर्यंत चालत गेलो. पाहुण्यांकडं बघून म्हणालो,

"व्हय साहेब, उजवी बाजू चुकली. म्या ती कदी पायलीच न्हाई. आमाला रस्त्याच्या अलीकडंच हुबं ऱ्हाऊ देत्यात."

हसणं जरा कमी झालं. चिटणीससाहेब म्हणाले, "बरं बरं. जा आता."

"जातो. पर चूक माझी हाय, तर गाडा बी माझाच हाय."

दोन्ही हात खाली घातले आणि गाडा उचलला. वाळू टेबलक्लॉथवर सांडली. शिशाचे शिपाई आडवे झाले. भाच्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. नेम सगळ्यांना ठाऊक होता.  पाहुण्यांनी कप तोंडाला लावला.  तो घोट मी विसरलेलो नाही.

"ठेव खाली!" साहेब ओरडले. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस इथं! आणि मेळावा संपल्यावर टेबलं कोण आवरणार?"

"ज्यांची हौस त्यांनी आवरावी."

मागच्या दारानं यायचो-जायचो. त्या दिवशी पुढच्या दारानं बाहेर पडलो.

घरी बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "घालवली न्हवं नोकरी?"

"व्हय."

"आन् ह्यात वाळू कुनी भरली?" तिनं गाडा उलटा करून झटकला. मी सगळं सांगितलं. 

मी म्हणालो, "आता माझ्या हातचं काय बी दुसऱ्याच्या नावावर जानार न्हाई. उपाशी मेलो तरी. उद्या गाडा घिऊन हॉलच्या फाटकापुढं हुबा ऱ्हानार."

"उपाशी मरायला म्या बी संगंच हाय. इचारून बोलत जावा." मग म्हणाली, "जावा उद्या. पन नावाची पाटी घाला. नुसता डबा घिऊन हुबं ऱ्हायलात तर लोक भंगारवाला म्हनतील."

दुसऱ्या दिवशी मेळावा चालूच होता. सकाळी उठलो. पत्र्याच्या तुकड्यावर डांबरानं माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. खाली लिहिलं, मांगवाडा. अक्षरं वाकडी आली. वाकडी तर वाकडी. महेबूबचाचांची हातगाडी मागितली, तिच्यावर गाडा ठेवला, पाटी टेकवली आणि ढकलत नेली. हॉलच्या मोठ्या फाटकासमोर, येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं येईल अशी उभी केली.

चिटणीससाहेब स्कूटरवरून आले. हॉर्न वाजवला. मी हललो नाही. परत वाजवला.

"गाडी काढ इथून."

मी खाली वाकलो, गटाराच्या कडेचा एक धोंडा उचलला आणि हातगाडीच्या चाकाखाली सारला.