अंकलचं नाक

"माणसं जेवायला गेलीत. येतील आता!"

उमेळे गावातल्या आमच्या शेजारच्या टीचरना कुणी विचारलं, तुमच्या चित्रात माणूस का नसतो, की हे उत्तर तयार. ब्रश कानावर, साडीला हिरवे डाग, डोळ्यांत नुसती मस्ती. चित्रात काय, तर त्यांच्या वाडीतल्या केळी, बावखल म्हणजे वाडीतलं तळं, आणि वर भलं मोठं आभाळ. माणूस औषधालासुद्धा नाही.

आणि टीचर स्वतः? अहो, दारावरून मांजर गेलं तरी थांबवून चौकशी करणार!

खरी गोम मला ठाऊक होती. त्यांना माणूस काढताच यायचा नाही. जन्म गेला गणित शिकवण्यात, चित्रं सुरू केली निवृत्तीनंतर. हौस एकच, वाडी बिल्डरकडे जायच्या आत आपल्या नवऱ्याला बावखलाच्या काठी चितारायचं. अंकल बिचारे लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत मान ताठ करून बसायचे. पहिल्या खेपेला त्यांचा माठ झाला, दुसऱ्या खेपेला चक्क फणस!

"अगं, माझं नाक कुठंय?"

"हलू नका, येतंय!"

नाक काही आलं नाही. आम्ही तिघं हसून हसून बेजार. शेवटी टीचर त्या फणसावर हिरवा रंग फासायच्या आणि म्हणायच्या, "जा, जेवून या."

एकदा चर्चच्या हॉलमधल्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक गहिवरून म्हणाले, "काय हा एकांत! काय ही उदासी!" टीचरनी माइकच हिसकावला. "उदासी कसली हो? मला माणूस जमत नाही!" अख्खा हॉल खदखदून हसला. सगळ्यांत मोठ्यांदा हसले ते अंकल.

पुढे अंकल गेले. टीचरनी पुन्हा तेच बावखल काढलं. काठावर लाल खुर्ची, रिकामी. मला रडू आवरेना.

"रडतेस काय वेड्यासारखी? जेवायला गेलेत," त्या म्हणाल्या. या वेळी 'येतील' मात्र म्हणाल्या नाहीत.

शेवटच्या आजारपणात त्यांनी त्याच चित्रात आणखी एक खुर्ची रंगवली. एक पाय वाकडा.

"ही कुणाची?"

"माझी. त्यांना एकट्यानं जेवायची सवय कुठंय?"

आता वाडीच्या जागी इमारत आहे आणि चित्र माझ्या भिंतीवर. परवा त्या इमारतीतली नवी शेजारीण चहाला आली, चित्रासमोर उभी राहिली.

"किती एकटं एकटं वाटतं ना?"

"छे हो," मी म्हटलं, "दोघं जेवायला गेलीत."