शेंडी कुणाला?

“हे काय? तुम्ही तर आम्हाला शेंडी लावताय!”

कस्टमरच्या क्वालिटी इन्स्पेक्टर कुलकर्णी मॅडमनी नुकतीच कापलेली पिन माझ्या नाकासमोर धरली. अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, त्यांच्यासमोर पाच सॅम्पल पास झाले तरच वर्षाची ऑर्डर. नाहीतर नवा सीएनसी लेथ झाकून ठेवायचा.

शेंडी खरंच होती. लेथवर धातूचा लांब बार फिरतो आणि पातळ पार्टिंग टूल तो कापत मध्याकडे जातं. पण शेवटचा धागा कापायच्या आधीच पिन तुटून पडते आणि कापाच्या मधोमध टोक उरतं. त्याने पिन व्हॉल्व्हमध्ये सपाट बसत नाही.

टूलच्या टोकाला कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारं छोटं पातं असतं. आमचा इन्सर्ट सरळ धारेचा होता. तिरक्या धारेचा लावला की पिनकडचा कोपरा आधी मध्यावर पोचतो. पिन साफ सुटते, शेंडी बारवर राहते. तिरके इन्सर्ट डावे आणि उजवे असे येतात. मी दोन्ही आणून ठेवले होते.

“उजवा लाव,” मी ऑपरेटर रंगनाथला म्हणालो.

“कुणाचा उजवा, साहेब? तुमचा का माझा?”

“इन्सर्टचा!”

“त्याचं तोंड कुठं हाय?”

एक लावला. पिन पडली. बार आरशासारखा, पिनवर मात्र दुप्पट टोक.

“बारची हजामत झाली, साहेब,” चांदवडचा रंगनाथ गंभीरपणे म्हणाला. “पिनची शेंडी लय वाढली.”

मॅडम स्टूल ओढून हसायलाच बसल्या. मीही हसत दुसऱ्या इन्सर्टची डबी उघडली.

दुसरा इन्सर्ट लावला. तिरकी धार टूलला बाजूला ढकलते, म्हणून टूल कमीत कमी बाहेर हवं. पिन सोळा मिलिमीटर जाडीची, मध्य आठवर. आणि टूल बाहेर किती? तीस! मागच्या मोठ्या जॉबचं तसंच राहिलेलं. दहावर आणलं. शेवटच्या दोन मिलिमीटरला फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, निम्मा केला.

टक्.

मॅडमनी पिनवरून अंगठा फिरवला. मग पाठोपाठ कापलेल्या आणखी चार पिनांवरून.

“शेंडी नाही.”

“हाय ना मॅडम, बारवर. दाखवू?”

“नको. त्याला लावा हवी तेवढी!”

ऑर्डर मिळाली. आता आमच्याकडे डावा-उजवा कुणी म्हणत नाही. इन्सर्टच्या डब्यांवर मी मार्करने लिहून टाकलंय: ‘शेंडी बारला’ आणि ‘शेंडी कस्टमरला’.

दुसरी डबी कपाटात कुलपात असते. मॅडम अधूनमधून येतात.